सहा महिने खडी

मला दगड फोडायचे नव्हते, यंत्र घ्यायचं नव्हतं आणि तुरुंगात तर मुळीच जायचं नव्हतं. मला आमच्या दारच्या वाटेवर थोडी खडी पसरायची होती, बस्स. बोळिंजच्या मोठ्या रस्त्यापासून आमच्या ओट्यापर्यंत ही वाट मोजून चाळीस हात भरते. दोन्ही अंगांना केळीच्या वाड्या आणि मध्ये वाळू. ती इतकी भुसभुशीत की पाहुणा ओट्याशी येऊन वहाणा झटकायचा तेव्हा निम्मी वाट आमच्या पायरीवर पडायची.

बापजाद्यांनी ही वाट तुडवली, कुणाचं काही बिघडलं नाही. पण माझी धाकटी बहीण सरला हिला पाहायला माघात आगाशीची मंडळी आली आणि त्यांची घोडागाडी बरोबर मध्यावर रुतली. गाडी कलली, मुलाची आत्या घरंगळली आणि थेट पाण्याच्या पाटात जाऊन बसली. "ज्यांच्या दारची वाट अशी, त्यांच्या घरची रीत कशी असेल!" एवढं बोलून आत्याबाई ओल्या लुगड्यानिशी पुन्हा गाडीत चढल्या. गाडी हलेना. शेवटी ती मागून ढकलून मी आणि माझी बायको रुक्मिणी यांनीच रस्त्याला लावून दिली. हातचं स्थळ जाताना पाहिलेले भाऊ पुष्कळ असतील. ते स्वतः ढकलत नेऊन पोचवणारा मी एकटाच.

चैत्रात केळव्याचं स्थळ आलं. मुलगा गुरुदत्त, पोस्टात नोकरीला. वडील गंगारामतात्या, पानवेलीचे बागायतदार, माणूस पारखून घेणारे म्हणून नावाजलेले. वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी मंडळी घर पाहायला येणार होती. सरलेने मुलाला एका लग्नात लांबून पाहिलं होतं. ती तोंडाने काही बोलली नाही, पण केळव्याचं पत्र नेहमीसारखं तारेत ओवलं न जाता तिच्या पेटीत गेलं. ते पाहून मी रुक्मिणीला म्हटलं, "या वेळी आधी वाट पक्की करायची." आई-वडील गेल्यापासून सरलेचं सगळं माझ्याकडे होतं. हेही स्थळ वाळूत रुतलं असतं तर मला तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

वाट पक्की करायची म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. आमच्या गावात सल्ला मागावा लागत नाही, तो कुंपणावरून येतो. शेजारचे बाबूकाका जन्मभर तलाठ्याच्या दप्तरी राबून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नारलाच्या सोडनांचा भुगा टाक, नरहरी. पाय कसा गादीवर पडल." दुसऱ्या बाजूचा रुडॉल्फ, त्याची केळीची मोठी वाडी. तो म्हणाला, "मास्तर, पाचूबंदरच्या शिंपल्या आना. कोलनी फुकट देतात." त्या का फुकट देतात हे अर्धी टोपली आणल्यावर कळलं. मांजरं सोडून आमच्या दारी कुणी उभं राहीना. शेवटी आमच्या शाळेतले कवायतीचे मास्तर आग्नेल, जे लढाईच्या काळात दोन वर्षं पलटणीत कारकून होते, त्यांनी हुकूम दिल्यासारखं सांगितलं, "खडी. खाली खडी, वर मुरूम, वर पाणी. रणगाडा नेलात तरी हलणार नाही."

केळव्याची मंडळी रणगाड्यातून येणार नव्हती. तरी मला ते पटलं. मी सातिवलीकडच्या डोंगरातून दोन गाड्या मागवल्या. आल्या त्या दोन गाड्या डबर. एकेक दगड भोपळ्याएवढा.

"अरे, मी खडी सांगितली होती," मी गाडीवानाला म्हटलं.

"खडीच हाय ना, मास्तर," तो बैल सोडत म्हणाला. "फक्त अजून फोडली नाय."

फोडणार कोण? आसपासचे सगळे पाथरवट अहमदाबादच्या नव्या रस्त्याच्या कामावर गेलेले. आग्नेल मास्तर पुन्हा पुढे सरसावले. कल्याणच्या छावणीत लढाईतलं उरलेलं सामान लिलावात निघत होतं आणि त्यात दगड फोडायचं एक यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही गेलो. लिलावात माझ्याविरुद्ध बोली बोलायला कुणी उभंच राहिलं नाही. शहाण्या माणसाला तेवढ्यावरून उमगलं असतं. मला वाटलं, माझा रुबाबच तसा असेल.

यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी पेटी होती. माथ्यावर आ वासलेला जबडा, बगलेला बैलगाडीच्या चाकांहून मोठी दोन चाकं आणि पोटात लोखंडी रूळ. वरून दगड टाकायचा, जबड्याने तो चावायचा आणि खालून बाहेर काढायचा. ते विरारपर्यंत मालगाडीने आलं आणि पुढे चार बैलांच्या गाडीने. आमच्या वाटेवर पहिले वीस हात ते ऐटीत आलं आणि मग गाडीचा आस मोडला. यंत्र वाटेच्या ऐन मध्यावर उभं राहिलं ते राहिलंच. आता आमच्या दारी घोडागाडी रुतण्याची भीती उरली नव्हती, कारण घोडागाडी यंत्रापलीकडे येऊच शकत नव्हती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. आमच्या मोत्याने नाकच बंद केलं.

इथपर्यंत प्रकरण खाजगी होतं. ते सरकारी केलं बाबूकाकांनी. "परवाना काढलास का?" त्यांनी विचारलं. "बिनपरवाना यंत्र चालवलंस नि कुनी चुगली केली, तर रविवारी पाव्हन्यांच्या आधी फौजदार यायचा."

म्हणून मी वसईला मामलेदार कचेरीत गेलो. अव्वल कारकून सज्जन होते. त्यांनी दोन कपाटं उपसली आणि म्हणाले, "दगड फोडण्याचा छापील अर्ज नाही. पिठाच्या गिरणीचा आहे. त्यात 'धान्य' खोडून 'दगड' करा."

"यंत्र आहे ते. गिरणी नव्हे," मी म्हटलं.

"मग 'स्टोन क्रशर' असं लिहून साधा अर्ज द्या. साहेबांना चटकन कळेल."

इथे माझा स्वभाव आडवा आला. मी मराठी शाळेत व्याकरण शिकवतो. माझ्या वर्गात अनुस्वार चुकला की अर्धा गुण जातो, मग विद्यार्थी कुणाचाही असो. स्वराज्य येऊन तीन वर्षं होत आली, आणि आपल्या दगडांसाठी आपण इंग्रजीचे पाय धरायचे? मी त्यांना पाच मिनिटं या विषयावर सुनावलं. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खडी फोडण्यास अनुमती मिळावी.'

"मुदत किती?" कारकुनांनी विचारलं.

"एका दुपारचं काम आहे."

"एका दुपारची मुदत सरकारात नाही. सहा महिन्यांच्या खाली आम्ही काही देत नाही."

"बरं, सहा महिने द्या," मी म्हटलं. माणूस स्वतःच्या तोंडाने कधी काय मागून घेईल, सांगता येत नाही.

आठवड्याने शिपाई हुकूम घेऊन आला तेव्हा मी शाळेत होतो. हुकूम मोडीत होता. त्या कचेरीत नवं सरकार आलं होतं पण लेखण्या जुन्याच होत्या. रुक्मिणीला मोडी येत नाही, म्हणून तिने कागद बाबूकाकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, ओट्यावर पाच-सात बाया जमल्या आणि काकांनी दप्तरी आवाजात वाचलं, "नरहरी विष्णू, राहणार बोळिंज, यांस सहा महिने खडी फोडण्याचे कामी मजुरी दिली असे."

मोडीत अनुस्वार सहसा देत नाहीत. लिहिणाऱ्याने 'मंजुरी' मनात धरायची आणि वाचणाऱ्याने ती आपल्या मनाने ओळखायची, अशी रीत. बाबूकाकांच्या मनात जे आलं ते त्यांनी ओळखलं. इतिहासात 'ध'चा 'मा' झाल्याचं आपण वाचतो. आमच्याकडे अख्खं अक्षरसुद्धा लागलं नाही, टिंबावर भागलं.

मी शाळेतून परतलो तेव्हा ओट्यावर सुतकाची कळा होती. रुक्मिणी खांबाला टेकून बसली होती. बाबूकाकांच्या नर्मदाकाकूंनी माझ्या हातात पुडा दिला. "सुकेली हायेत, घरच्या केल्यांची. सहा महिने टिकतात. तिथे जेवन कसं असतं कुनाला ठावं."

"कुठे?" मी विचारलं.

"अहो, निदान केलंत काय ते तरी सांगा," रुक्मिणी म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही." तिच्याभोवती तेव्हा अकरा माणसं होती.

मी कागद पाहिला. बारकाईने पाहिला, उजेडाला धरून पाहिला. टिंब नव्हतं. जन्मभर मुलांना 'लिहिलं नाही ते वाचायचं नाही' असं शिकवलेलं. आता कुठल्या तोंडाने सांगू की इथे नसलेलं वाचा? मी सांगितलं तरीही. बाबूकाकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आसंच म्हनतात सगले पयल्या दिवशी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर मुलांनी सहा महिन्यांचं व्याकरण आधीच वाटून टाकलं होतं. माझ्या तासाला आता आट्यापाट्या होत्या.

मी पुन्हा वसई गाठली. अव्वल कारकुनांना म्हटलं, "एक टिंब द्या."

"कशावर?"

"'मजुरी'वर."

त्यांनी जावक वही काढली. "हा कागद बाहेर गेलेला आहे. गेलेल्या कागदावर टिंब द्यायचं तर दुरुस्तीचा अर्ज करा. तो साहेबांकडे जाईल. साहेब दौऱ्यावर आहेत."

"कधी येतील?"

"दौरा संपला की."

"मी माझ्या हाताने देऊ का? एवढंसं तर टिंब."

कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज मवाळ झाला. "मास्तर, सरकारी हुकमात आपल्या हाताने खाडाखोड केलीत, तर जी शिक्षा होते ना, ती सहा महिने सक्तमजुरी. मग टिंब नसलेलंच बरोबर ठरेल."

मी टिंबाशिवाय परत आलो. तोवर बातमी केळव्याला पोचली होती, कारण बाबूकाकांची मेहुणी तिकडेच दिलेली. गुरुवारी गंगारामतात्यांचं पत्र आलं. सरला दारात उभी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं.

'आपणांस झालेल्या शिक्षेचे वृत्त कळले. ऊर अभिमानाने भरून आला. बेचाळीस साली मीही सहा महिने खडी फोडून आलो आहे. स्वराज्य आल्यावरही ज्यास तुरुंगात जावेसे वाटते असा मनुष्य विरळा. शिक्षा कशासाठी झाली हे विचारीत नाही. कारण थोरच असणार. अशा घरची मुलगी मिळत असता आम्हांस दुसरे काही पाहावयाचे नाही. तरी रविवारी येतच आहो. आपण तोवर बाहेर असाल अशी आशा आहे.'

घरात चार दिवसांनी पहिल्यांदाच कुणी हसलं. ती रुक्मिणी होती. "बाई गं!" ती म्हणाली. "देवच पावला."

"देव कसला! हे खोटं आहे. मी आजच्या आज त्यांना कळवतो."

"काही कळवायचं नाही," रुक्मिणीने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "लग्न लागेपर्यंत तुम्ही कैदी आहात, एवढं लक्षात ठेवा. पुढचं पुढे."

मी सरलेकडे पाहिलं. "दादा, तुला काय वाटतं?" तिने विचारलं. मला काय वाटत होतं ते सांगायची लाज वाटत होती. मला खरं बोलायचं होतं आणि स्थळही सोडवत नव्हतं. मी म्हटलं, "आधी वाट होऊ दे." सरला आत गेली.

वाट होण्यासाठी यंत्र चालायला हवं होतं आणि यंत्राला इंजिन नव्हतं. ते लिलावात वेगळं होतं म्हणे, आणि त्याच्यावर मात्र चुरस झाली होती. रुडॉल्फकडे विहिरीवर पाणी उपसायचं तेलाचं इंजिन होतं. तो भला माणूस, शनिवारी सकाळी त्याने ते ओढून आणून दिलं. पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं आणि म्हणाला, "मास्तर, मना आता देवळात जायाचं हाय, भाचीच्या पोराचा बाप्तिस्मा हाय. इंजनाला कोनी हात लावू नका, लय खुनशी हाय. मी येऊन बंद करीन."

यंत्राच्या बगलेला एक दांडा होता आणि त्याच्या खाचेच्या दोन टोकांना इंग्रजी पट्ट्या. एका बाजूला 'कोर्स', दुसऱ्या बाजूला 'फाईन'. आग्नेल मास्तरही नेमके त्याच बाप्तिस्म्याला गेलेले. तेव्हा निर्णय मला घ्यावा लागला. कोर्स म्हणजे अभ्यासक्रम, हे मास्तरकी केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. यंत्र शिकणाऱ्यांसाठी ती सोय असणार, असा मी अंदाज केला. मला शिकायचं नव्हतं, काम झकास व्हायला हवं होतं. मी दांडा 'फाईन'वर नेऊन ठेवला. इंग्रजीत दगडाच्या भरडपणालाही उच्चाराने 'कोर्स'च म्हणतात आणि 'फाईन'चा दुसरा अर्थ वस्त्रगाळ असा होतो, हे आग्नेलनी मला सांगितलं ते संध्याकाळी.

पहिला दगड टाकला. जबड्याने तो दोनदा चावला, तिसऱ्या घासाला गिळला आणि खालून भसकन पिठाचा ढग बाहेर पडला. मला वाटलं, सुरुवातीला धूळ यायचीच. तेवढ्यात गाव जमलं. मला शिक्षा झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतंच. समोरचे दगड म्हणजे माझा सहा महिन्यांचा वाटा, अशी बाबूकाकांनी सर्वांची समजूत करून दिली. हे दगड आज संपले तर मास्तर आजच सुटतील! असा हिशेब झाल्यावर माणुसकी कशी आवरणार? पदर खोचून बाया पुढे आल्या. "टाका रे, मास्तरांसाठी टाका!" हातोहात दगड जाऊ लागले. मी "थांबा, थांबा" ओरडत होतो, पण यंत्राच्या आवाजात त्यांना ते "आणा, आणा" ऐकू येत असावं. दोन गाड्या डबर तासाभरात संपत आलं. मग लोकांनी आपल्या पदरचे दगड आणले. कुणी कुंपणाचे आणले, कुणी विहिरीच्या कठड्याचे. आमच्या न्हाणीतला धुण्याचा दगड माझ्या डोळ्यांदेखत गेला. रुक्मिणीचा पाटा गेला तेव्हा ती धावली, पण तिच्या हाती फक्त वरवंटा लागला.

रुडॉल्फ त्यांच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, आला आणि त्याने इंजिन बंद केलं. त्याला आम्ही दिसेना आणि आम्हाला तो दिसेना. हळूहळू ढग बसला. सगळं पांढरं झालं होतं. केळीची पानं पांढरी, नर्मदाकाकूंनी वाळत घातलेले पापड पांढरे, बाबूकाका भुवयांसकट पांढरे. आणि चाळीस हात वाटेवर, होती त्या वाळूवर, आणखी वीतभर नवी वाळू. आगीतून फुफाट्यात म्हणतात तो फुफाटा मी स्वतःच्या हाताने, यंत्र लावून केला होता. समुद्र आमच्या घरापासून अर्ध्या कोसावर. तिथे जी वस्तू देव फुकट देतो, ती मी डोंगरातून दगड आणून तयार केली होती.

"येक नंबर झाली वालू," बाबूकाका हातात घेऊन म्हणाले. "आता तू सुटलास!" आणि त्या वेड्या माणसांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. लोकांना वाटलं, सुटकेचं.

रविवारी सकाळी यंत्रामागे पडलेले पंधरा-वीस दगड मी गोळा केले. मंडळी दुपारच्या गाडीने येणार होती. निदान रस्त्याच्या तोंडाशी चार हात खडी होईल, या आशेने मी हातोडी घेऊन तिथेच, यंत्राशेजारी बसलो. हातोडी दगडावर पडायची, दगड उडायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. दोन नखं काळीनिळी झाली. तेवढ्यात रस्त्यावरून एक उंच, खादीधारी गृहस्थ एकटेच चालत आले आणि माझ्यासमोर थांबले.

"नरहरी मास्तर?"

गंगारामतात्या! सकाळच्या गाडीने, सगळ्यांच्या आधी. मी उठायला गेलो तर हातोडी पायावर पडली. ते यंत्राच्या चाकाला टेकून उभे राहिले. मी निमूट पुन्हा बसलो आणि एक दगड घेतला. दोन-तीन घाव झाले.

"हातोडी अशी धरणारा माणूस," तात्या शांतपणे म्हणाले, "तुरुंगात पहिल्याच दिवशी अंगठा गमावतो. तुम्ही आत कधी गेलाच नाही, मास्तर."

बहिणीचं लग्न माझ्या हातोडीच्या मुठीवर मोडलं, असं वाटलं. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. मी सगळं सांगितलं. घोडागाडी सांगितली, डबर सांगितलं, कचेरी सांगितली. अनुस्वाराच्या ठिकाणी मी जरा रेंगाळलो, मोडी लिपीतल्या उणिवा त्यांना उदाहरणांसह समजावल्या. "चूक माझी आहे," मी शेवटी म्हटलं. "गुरुवारीच कळवायला हवं होतं. सरलेचा यात काही दोष नाही."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अक्षर सरलेचं होतं. 'दादांना शिक्षा झालेली नाही. परवाना मिळाला आहे. "मंजुरी"चे "मजुरी" वाचले गेले. ते स्वतः कळवतील, पण त्यांना वेळ लागेल, म्हणून मी कळवते. आपण यावे की न यावे, हे आपण ठरवावे.'

अर्धा तास खर्चून मी जे सांगितलं, ते तिने चार ओळींत बसवलं होतं. अनुस्वार सगळे जागच्या जागी होते.

"म्हणजे तुम्हाला आधीच..." मी म्हटलं.

"शुक्रवारी मिळालं. घरात आणखी कुणाला दाखवलं नाही. म्हणून तर एकटा आलो." तात्यांनी अंगातला कोट काढून यंत्राच्या चाकावर ठेवला आणि माझ्यासमोर वाळूत मांडी घातली. कुंपणाला गुंडाळलेलं सुंभ सोडून त्याचं वेटोळं केलं, त्यात दगड बसवला, बोटांनी त्यावर काहीतरी चाचपलं. "दगडाला शीर असते. ती आधी बघायची." मग त्यांनी हातोडी नुसती सोडल्यासारखी टाकली. दगड निमूट दोन झाला, दोनाचे चार झाले.

"सहा महिने फोडली, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण देशासाठी नाही. मी पानांची करंडी घेऊन बाजारला निघालो होतो. समोरून मोर्चा आला. माझी करंडी गर्दीत वाहत चालली, म्हणून मी हात वर करून ओरडलो, माझी पानं, माझी पानं! पोलिसांनी हात वर केलेले सगळे उचलले. कोर्टात साहेब म्हणाला, माफी माग. मी म्हटलं, कशाची? त्याला वाटलं, काय मगरूर आहे! सहा महिने दिले. सुटलो तर स्टेशनवर हार घेऊन गाव उभं. तेव्हापासून माझ्या गळ्यात हार पडतात आणि मी मान खाली घालतो. ज्याला हे सांगितल्यावर खरं वाटेल असं एकही माणूस मला आजवर भेटलं नाही, मास्तर."

"मला वाटतं खरं," मी म्हटलं. ज्याचे दगड समाजसेवेत पीठ होतात, त्याला कुठलीही गोष्ट खरी वाटते.

"म्हणून तर तुमच्या घरी आलो." तात्यांनी आणखी एक दगड वेटोळ्यात बसवला. "आमच्या घरात फुकटचे हार घेणारा एक आहे, तो पुरे. पोस्टकार्डावर खरं लिहिणारं एक माणूस आता आणावं म्हणतो. गुरुदत्तला तर तिच्याविषयी विचारायलाच नको, तो चैत्रापासून बोळिंजच्या पत्रासाठी पोस्टातली केळव्याची थैली रोज स्वतः उघडून बघतोय. हे कार्डही त्यानेच आणून दिलं."

सरला पाण्याचा तांब्या घेऊन यंत्राला वळसा घालून आली तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसून खडी फोडत होतो. मी तिला काहीतरी सांगणार होतो, पण शब्द जुळवत राहिलो. तात्यांनीच तिला सांगितलं. ती वाकून नमस्कार करायला गेली आणि तिच्या हातातला तांब्या माझ्या डोक्यावर कलंडला. मला त्याचं काहीही वाटलं नाही.

लग्न ज्येष्ठात झालं. वऱ्हाड वाटेवरून चालत आलं आणि घोटाभर रुतलं, पण कुणी परत गेलं नाही. यंत्र अजून तिथेच आहे. बाबूकाका त्याच्या सावलीत पेपर वाचतात.

पंधरा ऑगस्टला तात्यांनी मला केळव्याला बोलावलं. शाळेच्या पटांगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर तात्या बसले आणि कुणीतरी मला दंडाला धरून दुसरीवर बसवलं. बोळिंजहून बातमी आली ती आली, मागून तिची दुरुस्ती कुणी पाठवली नव्हती. माझ्या गळ्यात हार पडला. अध्यक्ष माझ्या सहा महिन्यांच्या हालअपेष्टांचं वर्णन करू लागले तेव्हा मात्र मला राहवेना. सरला समोर बायकांत बसली होती. मी ताडकन उठलो.

"मंडळी," मी म्हणालो, "हे सगळं चूक आहे. मी तुरुंगात गेलेलो नाही. एक दिवससुद्धा नाही. मी जे केलं ते फक्त माझ्या दारच्या वाटेसाठी केलं."

मग अध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. "ऐकलंत?" ते म्हणाले. "एवढं सोसलं, आणि म्हणतो, मी काहीच केलं नाही!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडावरचे कावळे उडाले. कुणीतरी दुसरा हार आणायला धावलं.

तात्यांनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

"बसा, व्याही, बसा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "सत्तेचाळीस साली मीही उठून हेच बोललो होतो. तेव्हापासून ही खुर्ची माझी झाली."